अफू म्हणजे काय, हे मी बाबांना सांगितलं

मला ‘माहीत नाही’ असं म्हणता येत नसे. आता येतं. पण परळची चाळ सोडून आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो, ते साल एकोणनव्वद होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, मराठी घेऊन एम.ए. झाले होते आणि आमच्या घराण्यात तोवर एवढं कुणी शिकलं नव्हतं. कुणी काही विचारावं आणि मला ते येऊ नये, असं होऊ द्यायचं नाही, हा माझा बाणा होता. बाणा असं मी तेव्हा म्हणायचे. खरं तर ती मस्ती होती.

मी भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. खारी गावातली पोरं वर्गात ‘हाय’, ‘न्हाय’ म्हणायची आणि निबंधातही तसंच लिहायची. मी लाल शाईने ते दुरुस्त करायचे आणि घरी येऊन त्यांचेच शब्द वहीत उतरवून घ्यायचे. शब्द कुठून आला, कुणाच्या तोंडून फिरत फिरत आपल्यापर्यंत पोचला, हे शोधायचं मला वेड होतं. पगाराचे पैसे कोशांवर जायचे. आई म्हणायची, “लग्नात भांडी द्यायची तर ही पुस्तकं देऊ काय तुला?” लग्न काही झालं नाही, पुस्तकं राहिली.

बाबा रेल्वेच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. ब्याण्णव साली रिटायर झाले, पण स्टोअर त्यांच्या अंगातून गेलं नाही. स्टोअरमधून निघालेली वस्तू वापरली गेली नाही तर ती परत स्टोअरला गेली पाहिजे, हा त्यांचा नियम घरातही चालायचा. शेजारच्या गुजराती काकूंची वाटी धुऊन दुसऱ्या दिवशी परत. लायब्ररीचं पुस्तक तारखेच्या आधी परत. एकदा शिंप्याने शर्टाबरोबर एक बटण जास्त दिलं, तर ते परत करायला बाबा भर उन्हात स्टेशनपर्यंत चालत गेले. आम्ही हसलो की म्हणायचे, “त्याच्याकडं ते कमी पडत असंल तर?”

रिटायर झाल्यावर संध्याकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. समोर तेव्हा मिठागरं दिसायची, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यातला एक तुकडा नव्या बिल्डिंगखाली जायचा. मी शाळेतून आले, पाय धुतले, चहा घेतला की ते विचारायचे, “आज काय आणलंस?” भाजी नव्हे, शब्द. मी रोज एक शब्द घेऊन जायचे. ‘पगार’ हा पोर्तुगिजांचा शब्द आहे, हे सांगितलं त्या दिवशी ते पोट धरून हसले. “म्हणजे तीस वर्षं मी पोर्तुगीज खाल्लं म्हण की!” चावी, बटाटा, तूप, पेन्शन, जे सापडेल ते मी त्यांच्यापुढे ठेवायचे. चौथीपर्यंत शिकलेला तो माणूस इतकं मन लावून ऐकायचा, की एवढा चांगला विद्यार्थी मला शाळेत पुढे कधी मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमचं घर बौद्ध. बाबांनी विशीत असताना दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ वंदना आणि पंचशील कधी चुकवलं नाही. पाच शीलांतलं शेवटचं नशेविषयीचं. माणसाची शुद्ध हरवेल असं काही घ्यायचं नाही. बाबा ते अगदी शब्दशः पाळायचे. दारू तर सोडाच, तंबाखू नाही, सुपारी नाही. खोकल्याच्या औषधात अल्कोहोल असतं असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा कपाळावर चढवून वाचायचे. कारखान्यातले लोक चेष्टा करायचे, की हा माणूस कोल्ड्रिंकसुद्धा वास घेऊन पितो.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर बाबांची पाठ दुखायला लागली. आधी बाम, मग शेकणं, मग भाईंदरच्या डॉक्टरची इंजेक्शनं, असं करत करत दोन महिन्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोचलो. कॅन्सर मणक्यापर्यंत गेला होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की आता करण्यासारखं एकच आहे, त्यांना दुखू द्यायचं नाही. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. त्या चिठ्ठीवर शिक्का, मग दुसऱ्या खोलीत सही, मग खिडकीवर नाव-पत्ता, नातं, ओळखपत्र. एवढं सगळं झाल्यावर खिडकीतल्या माणसाने बारीक पांढऱ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या दिल्या आणि बजावलं, की रिकाम्या पट्ट्या आणून दाखवल्याशिवाय पुढच्या मिळणार नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “चार-चार तासांनी देत राहा. दुखायची वाट बघू नका.”

संध्याकाळी घरी आले. बाबा कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. पण मला बघून म्हणाले, “आज काय आणलंस?” आणि माझ्या हातातली पट्टी घेतली. सवयीने चष्मा वर करून नाव वाचलं. “मॉर्फिन. ह्ये काय असतं?”

दुखण्याची गोळी, एवढंच सांगायचं होतं. तेवढं सांगितलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण दिवसभर त्या खिडक्यांपुढे मी कस्पटासारखी उभी राहिले होते, आणि आता मला येत असलेली एक गोष्ट कुणीतरी विचारत होतं. मी चप्पलही न काढता सुरू झाले. सांगितलं, की हे नाव ग्रीक लोकांच्या स्वप्नांच्या देवावरून पडलंय. तो माणसाला झोपेत स्वप्नं दाखवतो. बाबा ऐकत होते. त्यांना बरं वाटतंय असं वाटून मी पुढे गेले. म्हटलं, हे तयार होतं अफूपासून. खसखशीच्या बोंडाला चिरा पाडतात, त्यातून पांढरं दूध येतं, ते वाळलं की अफू. अफू शब्द आपल्याकडे अरबांच्या ‘अफ्यून’वरून आला. आणि संस्कृतात तिला अहिफेन म्हणतात, अही म्हणजे साप आणि फेन म्हणजे फेस. सापाच्या तोंडचा फेस! मी हाताचा फणा करून दाखवला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी पट्टी हळूच टेबलावर ठेवली.

“अफू?” ते म्हणाले.

“अफूच की. शुद्ध केलेली.” मी वर हेही जोडलं.

“मग नको.”

मला वाटलं, थट्टा करतायत. आई पाणी घेऊन आली, गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती परत पट्टीजवळ नेऊन ठेवली. “पाचवं शील हाय,” ते म्हणाले. “आता शेवटाला मोडू व्हय?”

मी वाद घातला. तसा मला वाद घालायला कधी निमित्त लागलं नाही. म्हटलं, “रविवारच्या मटणाच्या वाटणात आई खसखस घालते, ती त्याच बोंडातली असते. ती बरी चालते तुम्हाला?” बाबा म्हणाले, “वाटण खाऊन माणूस बेशुद्ध होत नाय.” दुसऱ्या दिवशीही त्यांनी गोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, दुखण्याने घामाघूम झालेले असताना, त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, “त्या गोळ्या परत दे जा. दुसऱ्या कुणाला लागत असतील.”

आणि मी त्या परत केल्या.

का केल्या, याची मी खूप उत्तरं दिली आहेत, लोकांना आणि स्वतःला. आमच्या घरात परत करणं हा नियमच होता, हे एक. बाबांचा शब्द मोडायची सवय नव्हती, हे दुसरं. पण खरं उत्तर असं, की मला राग आला होता. मी दिवसभर उभी राहून आणलेलं औषध हा माणूस नको म्हणतो, माझ्या युक्तिवादाला जुमानत नाही, तर मग नको तर नको, असं म्हणून मी पर्स उचलली. ट्रंकेत टाकून ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. आईच्या डब्यांमागे लपवल्या असत्या तरी चाललं असतं. मी त्या इस्पितळात नेऊन दिल्या.

खिडकीतला माणूस चक्रावला. “इसके लिए लोग यहाँ रोते हैं, मॅडम. आप वापस कर रही हो?” मी म्हटलं, पेशंट नको म्हणतोय. त्याने वरच्यांना विचारलं, माझी सही घेतली आणि वहीतल्या बाबांच्या नावावर फूटपट्टीने सरळ रेघ मारली. मला त्या क्षणी बाबांचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ही हकिगत रंगवून सांगितली. सगळे म्हणाले, असा माणूस विरळा. मी मान डोलावली.

त्यानंतरचे दिवस मला क्रमाने आठवत नाहीत. कॉट सरकली तरी बाबांना सहन व्हायचं नाही, म्हणून आम्ही केर काढतानाही कॉटच्या पायाला धक्का लागू द्यायचो नाही. खाली टँकर आला की मोटर सुरू व्हायची आणि बिल्डिंगभर हादरा यायचा. तेवढ्या हादऱ्यानेही ते डोळे मिटून घ्यायचे. कुणाला कळू नये म्हणून पंच्याचं टोक दातात धरायचे. तो पंचा धुताना आईला दातांच्या जागा विरलेल्या दिसायच्या, ती तो तसाच वाळत घालायची. कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी रेडिओ लावून ठेवायला सांगितला होता. गुजराती काकू रोज ताक पाठवायच्या आणि दारातूनच विचारायच्या, “आज कैसा है भाईसाब को?” आई म्हणायची, “ठीक है.” संध्याकाळची वंदना ते अर्ध्यावर सोडायला लागले. विसरायचे म्हणून नव्हे, दम पुरायचा नाही.

पंधरा-सोळा दिवस असे गेल्यावर मी भाईंदरच्या विहारात गेले. तेव्हा ते पत्र्याच्या शेडमध्ये होतं. तिथले भन्तेजी मूळचे मराठवाड्याचे, वयस्कर, कमी बोलणारे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते लगेच उठले, छत्री घेतली आणि माझ्याबरोबर रिक्षात बसले. घरी येऊन बाबांच्या कॉटपाशी बसले. खुर्ची नको म्हणाले, जमिनीवरच बसले.

“मन कुठं असतंय सध्या?” त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी पाठीकडे बोट केलं.

“मग ते तिथून सोडवाया पायजे,” भन्तेजी म्हणाले. “औषधाला बंदी नाही, बाबा. माणसानं बेसावध होऊ नये म्हणून ते शील आहे. दुखण्यानं तुमचं सगळं ध्यान ओढून नेलंय, ही काय सावधानी आहे व्हय? गोळी घ्या.”

बाबांनी हात जोडले. “आपलं बरोबर हाय, भन्तेजी.”

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. भन्तेजींना रिक्षात बसवून धावत वर आले. म्हटलं, “उद्या सकाळीच जाते, बाबा.” बाबा छताकडे बघत होते. म्हणाले, “नको गो.”

मी त्यांच्यावर ओरडले. ज्या माणसाला कुशीवर वळता येत नव्हतं, त्याच्यावर मी ओरडले. “अजून कुणाला आणू मी? भन्तेजींपेक्षा शहाणे झालात काय तुम्ही? तुम्हाला काय, तुम्ही पंचा दातात धरून पडून राहता, बघायचं आम्ही!” असं बरंच काही. बाबांनी फक्त मान भिंतीकडे वळवली. आईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

“शील-बिल काय नाय ते,” ती म्हणाली. “त्यांनी शपथ घातलेली, म्हणून बोलले नाय तुला.”

आणि ओट्याला टेकून, फडक्याला हात पुसत पुसत, तिने मला सांगितलं. बाबांची आई, म्हणजे माझी आजी, परळला गिरणीत कामाला जायची. तेव्हा चाळीतल्या सगळ्याच कामकरी बायका तान्ह्या पोरांना बाळगोळी द्यायच्या. अफूची, मोहरीएवढी. एक म्हातारी ती वळून द्यायची. गोळी दिली की बाई पाळीवर जाऊन यायची तोवर पोर झोपून राहायचं. त्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं. पोटासाठी काम, आणि पोर सांभाळायला कुणी नाही. बाबांच्या पाठची एक बहीण होती, सात महिन्यांची. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. आजी तिला बाबांच्या भरवशावर सोडून जायची. एक दिवस तिला दात येत होते म्हणून ती रडायला लागली, काही केल्या थांबेना. बाबांना खाली गोट्या खेळायला जायचं होतं. फळीवरची डबी त्यांना माहीत होती. त्यांनी एक गोळी काढून तिला चाटवली. आजीने कामावर जाताना एक दिलेली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“पोर झोपली,” आई म्हणाली. “ह्ये खाली खेळायला गेले. सासूबाई पाळीवरनं आल्या, तवर सगळं संपलं होतं.”

तिने फडकं ओट्यावर ठेवलं.

“आपण वळून दिलेली गोळी मोठी झाली, असं त्या म्हातारीला वाटलं. सासूबाईंना वाटलं, आपलंच चुकलं. मरेपर्यंत त्या कपाळ बडवून घ्यायच्या. ह्यांनी तोंड उघडलं नाय. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर एकदा मला सांगितलं. तुला सांगू नको म्हणाले. म्हणाले, ती मला लय मानते.”

मी अफूचा उगम ग्रीसपर्यंत शोधत गेले होते. माझ्या बाबांच्या आयुष्यात तो शब्द परळच्या चाळीतल्या फळीवरच्या एका डबीतून आला होता, आणि तो कोणत्याही कोशात मिळणार नव्हता. आणि अशा माणसापुढे मी हाताचा फणा करून नाचले होते. मला माझी किळस आली. अजून येते.

त्यातली आणखी एक गोष्ट आईलाही माहीत नव्हती. अफूच्या सगळ्यात जुन्या नावाचा अर्थ मला त्या पहिल्या दिवशीही ठाऊक होता. ग्रीक भाषेत ‘ओपोस’ म्हणजे झाडाचा चीक, आणि त्यावरूनच ‘ओपियम’. थोडासा चीक, बस. सापाचा फेस नंतर आला. परक्या शब्दाला संस्कृतात ओळखीचा अर्थ शिवून दिला, असं काही कोशकार म्हणतात. म्हणजे मला दोन्ही माहीत होतं. सापाने गोष्ट चांगली रंगते, म्हणून मी साप निवडला.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारली. दुपारी आई खाली भाजी आणायला गेल्यावर मी बाबांच्या कॉटजवळ, भन्तेजी बसले होते तिथेच बसले. म्हटलं, “बाबा, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं होतं. त्या शब्दाचा मूळ अर्थ नुसता चीक असा आहे. रुईला येतो, वडाला येतो, तसा. साप-बिप काही नाही त्यात.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “आईनं सांगितलं वाटतं.”

“हो.”

“लय गोरी होती गो ती,” ते म्हणाले. “माझ्याकडं बघून हसायची.” मग श्वास जमवून त्यांनी विचारलं, “तिला दुखलं नसंल ना?”

हे मला माहीत नव्हतं. जगात कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, “नाही बाबा. अफूने दुखत नाही. ती झोपेतच गेली असेल.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जायला लागलं. मी पदराने पुसत राहिले. खूप वेळाने ते म्हणाले, “आण मग.”

मी तशीच निघाले. खिडकीतल्या माणसाने मला ओळखलं. “आपने तो वापस किया था न?” बाबांच्या नावावर रेघ होती. आता नवी चिठ्ठी लागणार होती, आणि डॉक्टरीणबाई चार दिवसांच्या सुट्टीवर होत्या. दुसऱ्या डॉक्टरांनी कशीबशी चिठ्ठी दिली, तर गोळ्या संपलेल्या. नवा साठा यायला कुठल्यातरी सरकारी खात्याचा परवाना लागतो, तो परवाना अडकला होता. “कब आएगा?” “बोल नहीं सकते.” मी रोज जायला लागले. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस ती खिडकी. मीरा रोडपासून दादरपर्यंत मिळतील तेवढी औषधाची दुकानं पालथी घातली. नाव काढलं की दुकानदार मला वरून खाली न्याहाळायचे. एकाने तर विचारलं, “किसके लिए चाहिए? सच बोलो.”

ते अकरा दिवस आधीच्या सगळ्या दिवसांहून वाईट होते. नको म्हणत होते तोवर बाबा स्वतःला धरून होते. एकदा ‘आण’ म्हटल्यावर त्यांची धरून ठेवायची ताकद गेली. दाराची कडी वाजली की विचारायचे, “आलं काय?” मी नाही म्हणायचे. ते मान हलवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. पंचा धरायचं त्यांनी सोडून दिलं. मोठ्याने ओरडायला लागले. गुजराती काकू जिन्यात बसून रडायच्या. शेवटी शेवटी त्यांना दिवसाचं भान राहिलं नाही, मला कधी आई समजायचे, कधी स्टोअरमधला कुणी माणूस. भन्तेजी आले होते, हेही ते विसरले. गोळ्या एकदा घरात येऊन गेल्या होत्या, हेसुद्धा.

बाराव्या दिवशी मिळाल्या. दुपारी साडेबाराला घरी पोचले. आईने गोळी चमच्यात पाण्याबरोबर विरघळवली आणि थेंब थेंब करून बाबांच्या तोंडात घातली. त्यांनी ती मुकाट्याने गिळली. आम्ही दोघी कॉटच्या दोन बाजूंना बसलो. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी घड्याळाकडेच बघत होते.

तासाभरात त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोकळ्या झाल्या. मुठी सुटल्या. मग ते झोपले, दोन महिन्यांत प्रथमच पाय लांब करून. त्यानंतर बाबा तीन दिवस होते, आणि त्या तीन दिवसांत त्यांना दुखलं नाही. शुद्धही हरपली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वंदना पूर्ण म्हटली, हळू आवाजात, एकही शब्द न गाळता. पेज खाल्ली. गॅलरीचं दार उघडं ठेवायला सांगितलं.

पण मला त्या पहिल्या दुपारचं सांगायचं आहे. चारच्या सुमाराला ते जागे झाले. डोळे स्वच्छ होते. त्यांनी आधी हात हलवून पाहिला, मग मान, मग घाबरत घाबरत पाठ थोडी उचलून पाहिली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. लहान मुलाला नवल वाटावं तसं त्यांना नवल वाटत होतं.

“दुखत नाय गो,” ते म्हणाले.

आई तोंडात पदर धरून स्वयंपाकघरात गेली.

बाबांनी माझा हात हातात घेतला. रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही, नुसतंच जाणून घ्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, “मग ह्ये आधी का नाय आणलंस?”

“मिळत नव्हतं, बाबा,” मी म्हणाले.

त्यांनी माझा हात थोपटला. “मग लय फिरावं लागलं असंल तुला,” ते म्हणाले.

मी हो म्हणाले.